आवटींच्या घरची कणसं

"हे झाकण आहे ना, ह्यातच सगळी गंमत आहे," धनपालराव आवटी म्हणाले आणि त्यांनी ते काळं, गोल झाकण असं उचललं, की खालून निदान नाग तरी निघावा. निघाले कोळसे. तेही विझलेले.

"अमेरिकेत हे प्रत्येकाच्या परसात असतं, मगदूमसाहेब. शनिवार आला की घरातला पुरुष पेटवणार. बायकांनी हात लावायचा नाही."

"असं होय," अण्णा म्हणाले.

"बायकांनी फक्त बसून खायचं."

"चांगलं आहे की."

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. 'असं होय' आणि 'चांगलं आहे की' या दोन वाक्यांवर ते कुठलाही बघण्याचा कार्यक्रम निभावून न्यायचे. त्या वर्षी त्यांना सरावही बराच झाला होता.

दिवाळी होऊन गेली होती. जयसिंगपूरहून एसटीनं आम्ही कोल्हापूरला आलो होतो : अण्णा, आई, मी आणि हे स्थळ आणणारी आईची मावसबहीण, मंदामावशी. मावशीनं आठवडाभर आधीपासून फोनवर बजावलं होतं. "पोहे नाहीत हं ह्यांच्यात. ट्रे घेऊन यायचं नाही, गाणं म्हण म्हणणार नाहीत. बार्बेक्यू आहे. लोक फार मॉडर्न आहेत." एवढ्या मॉडर्न लोकांकडं जायचं म्हणून मला मोरपंखी काठाची साडी नेसवली होती आणि केसांत गजरा.

माझं सत्ताविसावं सरत आलं होतं. आधीची स्थळं मी एकेक करून मोडीत काढली होती. एकाची आई माझ्याशी बोलताना माझे दात मोजत होती. एकानं चमच्यात बघून भांग सारखा केला. एकानं विचारलं, "तुम्हाला मोठं कुटुंब आवडतं का?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याच्या आत्यानंच उत्तर दिलं. प्रत्येक घरातून बाहेर पडलं, की बसमध्ये मी त्यांच्या नकला करायचे आणि आई खिडकीतून बाहेर बघायची. मंदामावशी म्हणायची, "हिला माणसं आवडतच नाहीत. हिला हसायला येतं ते फक्त लोकांवर." ते काही अगदी खोटं नव्हतं. पण लोकही तसेच भेटत होते, त्याला मी काय करू?

येताना बसमध्ये आईनं नेहमीचा नियम सांगितला होता. "जे देतील ते घ्यायचं. पुन्हा विचारलं तर 'अर्धं चालेल' म्हणायचं. पानात ठेवायचं नाही. आणि छान झालंय म्हणायचं, तोंड न वाकडं करता." हा नियम मुलीकडच्यांनी पाळायचा असतो. मुलाकडचे आपल्याकडं आले, तर शिऱ्यात साखर जास्त झाली असं त्यांनी म्हटलं तरी चालतं. माझी लेक आत्ता शेजारी झोपली आहे. दोन वर्षांची आहे. हातावर काही ठेवलं की ती आधी हुंगते आणि नाही आवडलं, तर माझ्या साडीला पुसून टाकते. देणारी कितीही मोठी आजी असो. सगळे म्हणतात, वळण लाव. लावीन सावकाश.

तर, धनपालरावांची शेगडी. साखर कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले हे गृहस्थ थोरल्या मुलाकडं अमेरिकेत सहा महिने राहून आले होते आणि येताना ही शेगडी सुटी करून बॅगेत घालून घेऊन आले होते. तिला शेगडी म्हटलेलं त्यांना खपत नव्हतं. मंदामावशी एकदा चुकून म्हणाली, "किती छान शेगडी!" तर ते म्हणाले, "ग्रिल." आणि मावशीनं लगेच, "हो हो, ग्रिलच," म्हणून ती जणू पहिल्यांदाच पाहिली.

अडचण एवढीच, की घर कट्टर जैन. तिकडं त्या जाळीवर लोक जे भाजतात, त्याचं नावसुद्धा इथं काढायची सोय नव्हती. कांदा नाही, बटाटा नाही. मश्रूम म्हणजे तर शिवीच. उरलं काय? कणीस. सात समुद्र ओलांडून आलेल्या त्या यंत्रावर हे लोक कणसं भाजत होते. आमच्या जयसिंगपुरात स्टँडबाहेर पाटीत चार कोळसे घेऊन बसलेली बाई ह्याहून वेगळं काही करत नाही, पण तिच्याकडं झाकण नसतं.

"सालीसकट भाजायचं असतं," धनपालराव सांगत होते. "तासभर पाण्यात भिजवायचं. मग आतल्या आत वाफेवर शिजतं. आपल्याकडं लोक उघडं भाजतात, जाळून टाकतात. शास्त्रच माहीत नाही."

"असं होय," अण्णा म्हणाले.

कोळसे काही पेटत नव्हते. आणि सूर्य पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर टेकायला आला होता. ह्या घरात दिवस मावळला, की तोंडात काही जात नसे, पाणीसुद्धा. आम्हीही जैनच, पण अण्णांची ड्यूटी कधी कुठल्या कालव्यावर असेल त्याचा नेम नसल्यानं आमच्याकडं तो नियम पर्युषणापुरता उरला होता. धनपालराव मात्र एकदा सूर्याकडं, एकदा कोळशांकडं असे बघू लागले आणि त्यांचा अमेरिकन आत्मविश्वास थोडा पातळ झाला.

"विमल, ती बाटली आण!" त्यांनी आत हाक मारली. "लायटर फ्लुइड!"

विमलकाकू सरबताची एक जुनी बाटली घेऊन आल्या, लांबूनच ती नवऱ्याच्या हातात दिली आणि मागं जाऊन झोपाळ्यावर बसल्या. पाहुणे आलेले असूनही त्यांच्या अंगावर घरातलीच विटलेली साडी होती.

"मुलांना बोलू द्या जरा," मंदामावशी म्हणाली. मॉडर्न लोकांकडंही हे वाक्य असतंच. मी आणि मुलगा, म्हणजे आवटींचा धाकटा अभिनंदन, अंगणाच्या कोपऱ्यातल्या पारिजातकापाशी जाऊन उभे राहिलो. तिथं ओळीनं कुंड्या होत्या. मी कुंड्यांकडं बघायला लागले, कारण आता हा मला मोठं कुटुंब आवडतं का विचारणार होता.

"त्या ग्रिलसाठी आईच्या सात साड्या न्यू जर्सीत राहिल्या," अभिनंदन हळूच म्हणाला. "वजनात बसेनात. बाबा म्हणाले, साड्या काय कोल्हापुरातही मिळतात."

मी वर बघितलं. तो गंभीर चेहऱ्यानं वडिलांकडं बघत होता.

"विमानतळावर अडवलं होतं ह्यांना. ऑफिसर विचारतो, हे काय आहे? बाबा म्हणतात, संस्कृती."

मला हसू आलं. मी पदर तोंडाशी नेला.

"हसा हो. इथं हसायला बंदी नाही, फक्त बटाट्याला आहे." मग त्यानं वडिलांचा आवाज काढला, हुबेहूब : "बायकांनी फक्त बसून खायचं!" आणि मग स्वतःच्या आवाजात, "अमेरिकेत सहाही महिने आईच चुलीपुढं उभी होती. बाबा एक शनिवार झाकण धरून उभे राहिले, त्याचा फोटो हॉलमध्ये लावलाय. बघितलात ना?"

बघितला होता. चष्म्यात ज्वाळा दिसत होत्या. मी आता खरंच मोठ्यानं हसले.

काय सांगू, मला तो आवडला. आजवर मी बसमध्ये ज्या नकला एकटीच करत आले होते, त्या हा माणूस माझ्याआधी, आणि स्वतःच्याच घराच्या करत होता. मंदामावशीच्या पावडर लावलेल्या मानेबद्दल बोलला, समोरच्या बंगल्यावरच्या सिमेंटच्या हंसाबद्दल बोलला. मीही बोलले. चमच्यात भांग पाडणाऱ्याची गोष्ट सांगितली, तर तो कुंडीला धरून हसला. मला वाटलं, असं आयुष्यभर चालू शकेल. असा एक माणूस बाजूला असला, तर कुठल्याही कार्यक्रमात बसायला माझी हरकत नाही. मी एकदा मागं वळून पाहिलं. आई आमच्याकडंच बघत होती. मी बघताच तिनं मान वळवली आणि अण्णांना कोपर लावलं. अण्णांनीही बघितलं.

तिकडं भक्क करून जाळ झाला. मंदामावशीनं, "अगंबाई!" केलं. धनपालरावांनी जाळ बसायचीही वाट न बघता भिजलेली कणसं भराभर जाळीवर टाकली आणि ते झाकण लावलं. "दिवस मावळायच्या आत होणार!" त्यांनी जाहीर केलं. झाकणाच्या भोकांतून धूर येत होता, काळा आणि दाट.

थोड्या वेळानं कणसं आली. सालं सोललेली, लिंबू-तिखट लावलेली, वर लोणी. पहिलं अण्णांना, मग आईला, मग मावशीला. विमलकाकू म्हणाल्या, "माझं आज एकासन आहे, एकदाच जेवते. तुम्ही घ्या." धनपालराव म्हणाले, "भाजणाऱ्यानं शेवटी खायचं असतं. तिकडचा रिवाज आहे." आणि आम्हा दोघांच्या बशा ते स्वतः कोपऱ्यात आणून देऊन गेले.

मी कणीस उचललं.

"थांबा," अभिनंदन म्हणाला. "खाऊ नका."

"का?"

त्यानं आपलं कणीस सफाईनं कुंडीतल्या पानांमागं टाकलं, मग हात पुढं केला. "द्या इकडं. रॉकेल आहे त्यात."

"काय?"

"ते अमेरिकेतलं लिक्विड विमानात आणू देत नाहीत. बाटलीत रेशनचं निळं रॉकेल आहे. आणि बाबांना धीर नाही, सूर्य पळतोय ना! जाळ निवायच्या आत कणसं आत. सालीला, केसांना सगळा वास धरतो. बघा हुंगून."

मी हुंगलं. लोण्याच्या आणि लिंबाच्या खाली तो होता. लहानपणी स्टोव्हला पिन मारताना बोटांना यायचा तसाच.

"वाचवलं की नाही तुम्हाला?" तो म्हणाला.

मी कुंडीत बघितलं. त्याच्या पिवळ्या कणसाशेजारी मातीत अजून एक होतं. वाळून काळं पडलेलं, दाणे जसेच्या तसे.

"हे कुणाचं?"

"ते मागच्या वेळचं. बार्शीच्या मंडळींचं. मुलगी बरी होती, पण हसायची नाही." त्यानं माझंही कणीस घेऊन पानांआड सरकवलं. "दिवाळीआधी अजून दोघी येऊन गेल्या. बाबांना वाटतं, लोक बार्बेक्यूवर खूश असतात."

"तुमचे बाबा खात नाहीत?"

"भाजणारा शेवटी खातो, तोवर दिवस मावळतो. आणि नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वास येत नाही. आईचं एकासन पाहुणे आले की असतं." तो हसला. "तिकडं बघा, तिकडं बघा. तुमचे अण्णा दुसरं घेताहेत. चिवट आहेत हं!"

मी बघितलं. अण्णांच्या हातात दुसरं कणीस होतं. एका हातानं ते कणीस धरत होते, दुसऱ्या हातात रुमाल. एक ओळ खायची, रुमाल तोंडाला लावायचा, मान डोलवायची. धनपालराव पुढ्यात उभे होते. अण्णांना आम्लपित्ताचा त्रास, घरी तिखटाची फोडणी घातली तरी ते खिडकी उघडतात. आईही खात होती, एकेक दाणा नखानं काढून, जवळजवळ न चावता. मंदामावशी तोंड भरलेलं असताना म्हणाली, "काही म्हणा, चव वेगळीच!"

"बघितलंत?" अभिनंदन माझ्या कानाशी म्हणाला. "चव वेगळीच! हे दर वेळी कुणीतरी म्हणतंच. मी वाट बघत असतो."

"आणि कुणीच काही बोलत नाही?"

"मुलीकडचे कसे बोलतील?" तो म्हणाला.

त्यात कुजकेपणा नव्हता. उलट मी त्याचीच असल्यासारखं, अगदी आपुलकीनं सांगितलं त्यानं. मांडवात आतून कुणी खास जागा धरून ठेवावी आणि बाकीच्या गर्दीकडं बोट दाखवावं, तसं. जागा मला दिलेली होती. गर्दी म्हणजे माझे आई-वडील.

मी तिथून निघाले.

"अहो, कुठं?" तो म्हणाला. "अहो, थांबा की. मी आपलं गमतीनं..."

"अण्णा, ठेवा ते खाली," मी म्हटलं.

अण्णांनी वर बघितलं. ओठाला लोणी लागलं होतं. "का गं?"

"रॉकेलचा वास येतोय त्याला."

झोपाळ्याची कडी एकदा वाजली. मग मंदामावशी हसली. "गंमत करते हो ती! फार गमती स्वभाव. लहानपणापासून."

"केतकी," आई म्हणाली. एवढंच, पण त्यात बसमधला सगळा नियम होता.

"कुठं येतोय?" अण्णा म्हणाले. "खरपूस झालंय की. चांगलं आहे." आणि त्यांनी ते पुन्हा तोंडाकडं नेलं. मी त्यांच्या हातून कणीस काढून घेतलं. ते घट्ट धरलेलं होतं, ओढावं लागलं.

"कसला वास?" धनपालरावांनी विचारलं. ते रागावलेले नव्हते. खरंच विचारत होते. त्यांनी माझ्या हातातलं कणीस घेतलं, नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. मग बायकोकडं वळले. "विमल?"

"माझं एकासन आहे," विमलकाकू म्हणाल्या.

"खा म्हणत नाही. वास येतो का, सांग."

काकू झोपाळ्याच्या फळीकडं बघत राहिल्या.

धनपालरावांनी मुलाकडं पाहिलं. अभिनंदन पारिजातकाखालून दोन पावलं पुढं आला होता, चेहऱ्यावर तेच हसू, पण आता ते कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. "बाबा, एवढं काय मनावर घ्यायचं... थोडासा येतो. कुणाला काही होत नाही त्यानं."

"तुला ठाऊक होतं?"

"अहो बाबा..."

"बार्शीचे मास्तर आले होते, तेव्हाही?"

अभिनंदन कुंड्यांकडं बघायला लागला.

"त्यांनी तीन खाल्ली होती रे," धनपालराव म्हणाले.

मग त्यांनी ते कणीस बशीत ठेवलं, अगदी हळू, आणि जाळीवर उरलेली कणसं चिमट्यानं एकेक करून बादलीत टाकायला लागले. पाण्यात पडताना प्रत्येक कणीस चुरचुरायचं. सूर्य गेला होता. तासभर मी त्या माणसाला हसले होते, आणि अख्ख्या घरात लाज वाटली ती फक्त त्यालाच.

निघताना ते फाटकापर्यंत आले. काहीतरी बोलायचं म्हणून अण्णा म्हणाले, "शेगडी मात्र उत्तम आहे तुमची." ह्या वेळी धनपालरावांनी 'ग्रिल' म्हणून दुरुस्त केलं नाही. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मंदामावशी आज कोल्हापुरातच राहते म्हणून रिक्षाच्या नाक्यावरच वेगळी झाली. "तुमच्या पोरीचं आता तुम्ही बघा," ती आईला म्हणाली. "मी ह्यापुढं तोंड उघडायची नाही." (उघडलं. दोनच महिन्यांत पुन्हा एक स्थळ घेऊन आली. पण ते नंतर.)

स्टँडवर जयसिंगपूरवरून जाणाऱ्या सांगली गाडीला वेळ होता. आई बाकाच्या एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. अण्णा सोड्याच्या गाडीवर जाऊन उभे राहिले, एक सोडा प्याले, मग दुसरा. ढेकर आली की रुमाल तोंडाशी धरत होते. परत येऊन ते आमच्या मध्ये बसले. आज नकला करायला काही नव्हतं.

"चिडलात?" मी विचारलं.

"नाही."

"मग बोला की काहीतरी."

"काय बोलू?" पोटावर हात ठेवून ते समोरच्या फलाटाकडं बघत होते. "चारचौघांत असं बोलू नये, एवढंच. त्या माणसाला किती वाईट वाटलं बघितलंस ना?"

"आणि तुम्हाला काय खायला घालत होते, ते? अण्णा, तुम्हाला वाससुद्धा आला नाही?"

"आला की."

"केव्हा?"

"पहिल्याच घासाला."

मी त्यांच्याकडं वळले. "आणि तरी दुसरं घेतलंत? एवढं कसलं मेलं वळण ते? अर्धं चालेल, अर्धं चालेल! मुलीचे वडील म्हणून काय रॉकेल प्यायचं?"

"वळण कसलं," अण्णा म्हणाले. "तू तिकडं हसत होतीस."

केसांतला गजरा मी काढून मांडीवर ठेवला.

"एवढी घरं बघितली, तू कधी तोंड वर केलं नाहीस. आज पहिल्यांदा बघितलं, तू त्या पोरासंगं हसतीयस, तोंडावर पदर घेऊन. तुझी आई म्हणाली, बघा, बघा. म्हटलं, आता आपण मध्येच वासाचं काढलं, तर हे सगळं विस्कटायचं. दोन कणसांनी काय होतंय?" त्यांनी ढेकर दाबली. "तिसरं दिलं असतं, तर तेही खाल्लं असतं."

बाकाच्या त्या टोकावरून आई म्हणाली, "मी पण."

गाडी लागली तशी माणसं धावली. आम्ही तिघं बसूनच राहिलो. मी अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांच्या सदऱ्याला धुराचा वास येत होता.

"पोरगं हसवत मात्र चांगलं होतं गं," अण्णा म्हणाले.

"होय," मी म्हटलं. "चांगलं हसवत होतं."